ड्रॉप आला की हलगी दबते, आवाज बसतो: दोष कोणत्या बसवर आहे ते कसं शोधायचं

इंट्रो स्वच्छ वाजतो. संबळ मोकळा, गायकाचा आवाज पुढे, बिल्डअपही बरोबर चढतो. मग ड्रॉप, म्हणजे गाण्याचा मुख्य दणका, पडतो, किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि ८०८ (लांब घुमणारा इलेक्ट्रॉनिक बेस) आत येतात आणि सगळं गाणं मागं सरकतं. हलगीची काडी बोथट होते, आवाज प्रत्येक किकबरोबर खाली-वर हेलकावतो, आणि मास्टरचा, म्हणजे सगळं शेवटी एकत्र होतं त्या ट्रॅकचा, मीटर मात्र लालला टेकलेला. हेडफोनवर हे फारसं लक्षात येत नाही. वरातीच्या गाडीवर डबल अठराचे (दोन अठरा इंची स्पीकरचे) बेस बिन लागले की मग कळतं, आणि तेव्हा हातात फक्त पेन ड्राइव्ह असतो.

लातूर, नांदेड, परभणीकडे हलगी-संबळ घेऊन डीजे ट्रॅक बनवणाऱ्या बहुतेकांना हा त्रास कधी ना कधी होतो. उपायही ठरलेला: दुसरा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा प्लगइन) उतरवायचा, कुठला तरी प्रीसेट लावायचा, मास्टरवर आणखी एक लिमिटर (आवाज ठराविक पातळीवर अडवणारा) ठेवायचा. पुढच्या गाण्यात तक्रार जशीच्या तशी. याचं कारण असं की प्रत्येक गाणं जुन्याच फाइलवरून, ‘सेव्ह ॲज’ करून सुरू होतं, आणि दोष त्या फाइलच्या राउटिंगमध्ये, म्हणजे कोणता ट्रॅक कुठे जातो त्या जोडणीत, बसलेला असतो. प्लगइन बदलून राउटिंग सुधारत नाही. आमच्या अनुभवात बसवरच्या (बस म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र येतात तो ट्रॅक) तक्रारी दोनच ठिकाणी जास्त सापडतात: सिग्नल चुकीच्या वाटेने जातोय, किंवा खर्ज (खालचा बेस) कॉम्प्रेसरला हाकतोय. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

खाली उदाहरणं एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण आपल्याकडे तोच जास्त चालतो. जिथे फरक पडतो तिथे रीपर आणि एबलटन या दुसऱ्या सॉफ्टवेअरचंही सांगितलं आहे.

आधी पातळी सारखी करा

कॉम्प्रेसर चालू केला की मेकअप गेनमुळे (दाबल्यावर परत दिलेल्या वाढीमुळे) आवाज २-३ डीबी वाढतो, आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. म्हणून चालू-बंद करून केलेली तुलना बहुतेक वेळा फसवी असते. ऑटो मेकअप बंद करा. युलीन लाउडनेस मीटर फुकट मिळतो, तो मास्टरच्या शेवटी लावा. ड्रॉपचे आठ बार लूपवर ठेवा, बसचे इफेक्ट चालू आणि बंद अशा दोन्ही वेळी आकडा बघा, आणि फरक अर्ध्या डीबीच्या आत येईपर्यंत मेकअप कमी करा. मग ऐका. अर्ध्या लोकांचा ‘माझा ग्लू कॉम्प्रेसर’ इथेच गळून पडतो; पातळी सारखी केल्यावर तो काही चांगलं करत नव्हता, नुसता मोठा करत होता.

आता शोध, याच क्रमाने:

१. मास्टरवरचे सगळे इफेक्ट बंद करा. दबणं थांबलं तर दोष मास्टर बसवर, किंवा मास्टरमध्ये जरुरीपेक्षा जास्त खर्ज शिरतोय. आवाज एकदम मोठा होऊ शकतो, म्हणून आधी मॉनिटर खाली घ्या.

२. थांबलं नाही तर मास्टर तसाच ठेवून एकेका बसचे इफेक्ट बंद करा: आधी ड्रम, मग बेस, मग व्होकल. एफएलमध्ये त्या ट्रॅकचे सगळे स्लॉट एका बटणाने बंद होतात, एकेक प्लगइन उघडत बसू नका.

३. कोणतीही बस बंद करून फरक पडत नसेल तर ८०८ म्यूट करा. लगेच हलगी पुढे आली तर हा बसचा प्रश्नच नाही. किक आणि ८०८ एकमेकांवर चढून जागा खातायत.

बसचा फेडर शून्यावर, तरी ड्रम वाजतात?

ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि सगळ्यात जास्त वेळा इथेच मासा गळाला लागतो. गाणं चालू ठेवा, ड्रम बसचा फेडर तळाला न्या. किक किंवा हलगी अजूनही ऐकू येत असेल तर ते ट्रॅक बसवरही जातायत आणि थेट मास्टरवरही.

एफएलमध्ये प्रत्येक इन्सर्ट (मिक्सरचा ट्रॅक) मुळात मास्टरला जोडलेला असतो. तुम्ही बसच्या खालच्या बाणावर साधी क्लिक केली की बसची वाट जोडली जाते, पण मास्टरची जुनी वाट तुटत नाही. बसवर काहीच इफेक्ट नसेल तर तोच सिग्नल दोनदा जमा होऊन नेमके ६ डीबी वाढतात. कॉम्प्रेसर असेल तर नकळत पॅरलल कॉम्प्रेशन झालेलं असतं: एक प्रत दाबलेली, एक कोरी. मग थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून दाबणं सुरू होतं ती) कितीही खाली आणला तरी किक आटोक्यात आल्यासारखी वाटत नाही, कारण कोरी प्रत बाजूने निघून जाते. माणूस आणखी दाबतो, कपात दाखवणारी सुई १०-१२ डीबी खाली पडते, दाबलेल्या प्रतीत फक्त हलगीची शेपटी आणि खोलीचा गोंगाट उरतो, आणि तोच कोऱ्या प्रतीखाली मिसळतो. ‘गढूळ’ म्हणतात तो आवाज हाच.

दुरुस्ती: कंट्रोल-शिफ्ट धरून किक, स्नेअर, हॅट असे सगळे ट्रॅक निवडा, बसच्या खालच्या बाणावर राइट क्लिक करा आणि ‘राउट टू धिस ट्रॅक ओन्ली’ घ्या. फेडरची तपासणी पुन्हा करा. आता पातळी एकदम पडेल, घाबरू नका. तो वरचा हिशोबच खोटा होता. कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड नव्याने लावावा लागेल, जुन्या आकड्यांना आता काही अर्थ नाही. रीपरमध्ये फोल्डर ट्रॅक आणि एबलटनमध्ये ग्रुप केला तर ही भानगड आपोआप टळते. मात्र रीपरमध्ये फोल्डरऐवजी साधा सेंड देऊन बस बनवली असेल, तर ट्रॅकच्या राउटिंग खिडकीतली मास्टर सेंडची खूण काढावी लागते.

हे झालं की ती फाइल लगेच नव्या नावाने टेम्प्लेट म्हणून ठेवा आणि जुनी हटवा. नाहीतर पुढच्या गाण्याला तुम्ही सवयीने जुनीच उघडाल.

खर्ज सुई हलवतो, मार हलगीला बसतो

कॉम्प्रेसर एकच आकडा बघतो: आत येणाऱ्या सिग्नलची पातळी. ड्रम बसवर किक, ८०८, हलगी, संबळ, ऑक्टोपॅड सगळं एकत्र असेल तर त्या पातळीत सर्वात मोठा वाटा ५०-६० हर्ट्झच्या आसपासच्या खर्जाचा असतो. किक थ्रेशोल्डच्या ८ डीबी वर गेली आणि रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१ असेल, तर ६ डीबी कपात होते. ती कपात फक्त किकची होत नाही, त्या क्षणी बसमध्ये असलेल्या सगळ्याची होते. हलगीने काही गुन्हा केलेला नसतो, तरी तीही ६ डीबी खाली जाते.

वेग बघा. १३० बीपीएमला एक ठोका ४६१ मिलिसेकंदांचा, आणि हलगीची सोळाव्या मात्रेची काडी दर ११५ मिलिसेकंदांनी पडते. रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) ३०० मिलिसेकंद असेल तर किकनंतरच्या दोन काड्या कॉम्प्रेसर सावरत असतानाच येतात. तिसरी जरा बरी ऐकू येते, आणि लगेच पुढची किक. हलगीची चाल मोडल्यासारखी वाटते ती यामुळे. वादकाने बरोबरच वाजवलेलं असतं.

यावर तीन उपाय आहेत. आम्ही पहिला आधी करतो, आणि बहुतेक वेळा पुढच्या दोनांची गरज पडत नाही.

बस वेगळ्या करा. किक आणि ८०८ एका बसवर, हलगी-संबळ-ताशा दुसऱ्या बसवर, स्नेअर-हॅट-क्लॅप तिसऱ्या. ‘ड्रम म्हणजे एक बस’ हा नियम जिथे तालवाद्य म्हणजे एक ड्रम किट, तिथला आहे. आपल्या ट्रॅकमध्ये हलगी ही गाण्याची दुसरी गायिका असते, तिला किकच्या दावणीला बांधू नका. हलगीच्या बसवर १२० हर्ट्झखालचं हाय-पासने (खालचं कापणाऱ्या फिल्टरने) काढून टाका. तिचा कडका साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये आणि अंग २०० ते ४०० मध्ये असतं, खाली उरतो तो फक्त माइकस्टँडचा धक्का आणि घुमारा. मग रेशो २:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १५ ते २०, रिलीज ६० ते ८० मिलिसेकंद, आणि कपात २-३ डीबीच्या पुढे नको. अटॅक १ मिलिसेकंदावर ठेवलात तर काडीचा पहिला फटकाच कापला जाईल. तापवून चढवलेल्या चामड्याचा तो चटका गेला की मागे उरतो तो पत्र्याचा डबा.

दुसरा उपाय डिटेक्टरमधून, म्हणजे कॉम्प्रेसर ज्यावरून पातळी मोजतो त्या सिग्नलमधून, खर्ज काढण्याचा. रीपरच्या रीकॉम्प या कॉम्प्रेसरमध्ये डिटेक्टरसाठी हाय-पास असतो, तो १०० ते १५० हर्ट्झवर ठेवा. तो ज्यात मिळतो ते रीप्लग्स विंडोजवर फुकट आहेत आणि एफएलमध्येही चालतात. एबलटनच्या ग्लू कॉम्प्रेसरमध्ये साइडचेन ईक्यू (डिटेक्टरसाठीचा फिल्टर) आहे. फ्रूटी लिमिटरमध्ये अशी सोय नाही, तिथे आडवाट घ्यावी लागते: एक रिकामा ट्रॅक घ्या, बसवर येणारे सगळे ट्रॅक त्यालाही जोडा, त्यावर पॅरामेट्रिक ईक्यू २ चा हाय-पास १२० वर लावा, या ट्रॅकची मास्टरची वाट तोडा, मग त्यावरून ड्रम बसला ‘साइडचेन टू धिस ट्रॅक’ द्या आणि फ्रूटी लिमिटरच्या कॉम्प भागात तो साइडचेन निवडा. आता खर्ज बसमधून जातो, पण सुई हलवत नाही.

तिसरा उपाय किक आणि ८०८ मधलं भांडण मिटवण्याचा. दोन्ही सारख्याच पातळीवर, एकाच फ्रिक्वेन्सीला आणि एकाच फेजमध्ये (लहरींचे चढउतार जुळून) आले तर बेरीज ६ डीबीने वाढते, आणि पुढची प्रत्येक बस त्या ढिगाऱ्याला तोंड देत बसते. किकवरून ८०८ ला साइडचेन द्या, म्हणजे किक वाजली की ८०८ दबेल: अटॅक २-३ मिलिसेकंद, रिलीज १२० ते १८०, कपात ४ ते ८ डीबी. अटॅक अगदी शून्यावर नेलात तर टकटक ऐकू येईल.

रिलीजचे दोन टोक

५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. ८०८ असलेल्या बसवर रिलीज २०-३० मिलिसेकंद ठेवला तर कॉम्प्रेसर आवाजाच्या चढउताराऐवजी लहरीच्याच चढउतारामागे धावतो, आणि खर्ज किरकिरा होतो. बऱ्याच जणांना वाटतं स्पीकरचा कोन फाटला. दुसरं टोक एक सेकंदाचं. त्यात सुई पुढच्या किकपर्यंत वर येतच नाही, ड्रॉपभर सगळं ५ डीबी खाली बसून राहतं, आणि ब्रेकडाउनमध्ये अचानक उसळतं. सुरुवात १५० ते २५० मिलिसेकंदांच्या मधे करा आणि सुईकडे बघा: पुढची किक पडण्याच्या जरा आधी ती जागेवर परत आली पाहिजे. दुसरा बीपीएम असेल तर ६०,००० ला बीपीएमने भागा, ठोक्याची लांबी मिलिसेकंदांत मिळते. शंभरला ६००, एकशेचाळीसला ४२८.

सॅच्युरेशनने आवाज का घोगरा होतो

बसवर ‘थोडी गरमी’ म्हणून सॅच्युरेशन (सौम्य डिस्टॉर्शन) लावतात. एका वाद्यावर ते गोड वाटतं, कारण त्या स्वराच्या पटीतले स्वर तयार होतात. पण खर्ज आणि गायक एकाच सॅच्युरेटरमधून गेले तर बेरजा-वजाबाक्याही तयार होतात: ५५ हर्ट्झचा ८०८ आणि १००० हर्ट्झचा सूर यांतून ९४५ आणि १०५५ असे नको ते, बेसूर सूर. ८०८ वाजतो तेवढ्यापुरता गळा बसल्यासारखा वाटतो, थांबला की साफ. ही खूण पक्की. सॅच्युरेशन मास्टरवरून काढा आणि ८०८ च्या ट्रॅकवर एकट्याला द्या. त्याचे ११०, १६५ चे पटस्वर मोबाइलच्या स्पीकरवरही बेसची जाणीव देतात, म्हणजे कामाचं तेवढं राहतं. हॅट असलेल्या बसवर लावायचंच असेल तर ओव्हरसॅम्पलिंग (प्लगइनने आतून जास्त सॅम्पल रेटवर काम करणं) चालू ठेवा.

पॅरलल बस लावली आणि बेस पातळ झाला

पॅरलल बसमध्ये एक कोरी आणि एक दाबलेली प्रत मिसळते. या दोन प्रतींमध्ये १ मिलिसेकंदाचा जरी फरक राहिला, तरी ५००, १५००, २५०० हर्ट्झला खड्डे पडतात. ४४.१ किलोहर्ट्झला हे जेमतेम ४४ सॅम्पल आहेत. एफएल, रीपर, एबलटन हे सगळे प्लगइनचा उशीर भरून काढतात, पण ती सोय बंद केलेली नाही ना हे बघा. उशीर नसतानाही बेस जात असेल तर संशय हाय-पासवर घ्या: पॅरलल प्रतीवर ८० हर्ट्झचा साधा हाय-पास लावला की त्या भागात फेज फिरते आणि कोऱ्या प्रतीतला खर्ज काही प्रमाणात खोडला जातो. पॅरलल प्रतीची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. उलटी केल्यावर बेस वाढला तर निदान बरोबर. मग एकतर हाय-पास काढा, किंवा किक-८०८ त्या पॅरलल बसला पाठवूच नका. दुसरं जास्त बरं.

थांब्यात ऐकू येणारी गुणगुण

हलगीच्या बसवर ४ डीबी मेकअप, त्यापुढे मिक्स बसवर ३, लिमिटरवर ६. एकूण १३ डीबी. रेकॉर्डिंगमध्ये जी गुणगुण ऐकूही येत नव्हती ती दोन बोलांच्या मधल्या जागेत आता इतकी वर आलेली असते. अर्थिंग नसलेल्या प्लगवर लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस चालवून संबळ टिपला असेल तर ५०, १००, १५० हर्ट्झवर ती सापडेल. बसच्या आधी, मूळ ट्रॅकवर अरुंद नॉच (एकच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावा. पुढच्या वेळी चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. पुष्कळदा तेवढ्यानेच जाते.

याच ओघात कूलर. मे महिन्यात परभणीत कूलर बंद करून मिक्स करा असं सांगणं सोपं नाही, पण त्याच्या घरघरीत रिव्हर्बची शेपटी आणि गुणगुण दोन्ही बुडतात आणि तुम्ही रिव्हर्ब वाढवत जाता. तेवढ्या तपासणीपुरते बंद कानाचे हेडफोन घ्या. रात्री आवाज अगदी बारीक ठेवून बेस ठरवू नका. बारीक आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून तो जास्त घातला जातो, आणि पुन्हा वरचीच सगळी कथा.

मोनोत ऐका

मिरवणुकीच्या गाडीवर दोन्ही बाजूंना बहुतेक एकच सिग्नल असतो. सिंथ बसवर एक बाजू १०-२० मिलिसेकंद उशिरा देऊन केलेला रुंदपणा तिथे पोकळ होतो. एफएलमध्ये मास्टरची स्टिरिओ सेपरेशनची कळ पूर्ण ‘मर्ज्ड’कडे फिरवून ड्रॉप ऐका. लीड निम्मा गायब झाला तर त्या बसवरचा रुंदी वाढवणारा प्लगइन काढा. १२० हर्ट्झखालचं तर कुठल्याही बसवर रुंद करू नये. तपासून झाल्यावर कळ परत मधोमध आणायला विसरू नका.

मास्टर आणि एक्सपोर्ट

आधी मास्टरचा शेवटचा स्लॉट बघा. एफएलच्या नव्या प्रोजेक्टमध्ये तिथे फ्रूटी लिमिटर आधीच बसलेला असतो, आणि त्याच्यावर लोक स्वतःचा दुसरा लिमिटर लावतात. एकच ठेवा. लिमिटरच्या आधी मास्टरची शिखरं -६ डीबीच्या आसपास असू द्या. मिक्स बसवर कॉम्प्रेसर हवाच असेल तर २:१, अटॅक ३०, कपात १ ते २ डीबी. लिमिटर ड्रॉपमध्ये ३-४ डीबीहून जास्त खेचत असेल तर उतू जाणाऱ्या पातेल्यावर झाकण दाबून धरल्यासारखं आहे. खालची आच म्हणजे किक-८०८ ची बस, ती २ डीबीने कमी करा. लाउडनेसचा आकडा फारसा पडत नाही, हलगी मात्र बाहेर येते.

गाडीसाठी फार दाबलेली फाइल देऊ नका. शिखर आणि सरासरी यांतलं अंतर १० डीबीवरून ६ वर आणलं, तर त्याच शिखराला ॲम्प्लिफायरकडून सरासरी अडीचपट शक्ती ओढली जाते. व्हॉइस कॉइल तापते, आवाज हळूहळू पडतो, जनरेटर लहान असेल तर व्होल्टेजही बसतं, आणि ऑपरेटर समजतो ट्रॅक कमजोर आहे म्हणून गेन आणखी चढवतो. शिवाय सिस्टिमच्या प्रोसेसरमध्ये त्याचा स्वतःचा लिमिटर असतोच. ड्रॉपमध्ये -९ लफ्सच्या (लफ्स हे लाउडनेसचं माप) आसपास थांबा. यूट्यूब साधारण -१४ च्या वरचं सगळं स्वतःच खाली आणतं, त्यामुळे तिथे -६ ची फाइल चढवून काही मिळत नाही, फटका मात्र जातो.

ट्रू पीक (सिग्नलचं खरं शिखर) -१ डीबीवर ठेवा, कारण एमपी३ करताना शिखरं मूळ फाइलपेक्षा वर जातात. यूट्यूबसाठी २४ बिट वेव्ह. पेन ड्राइव्हवर ३२० केबीपीएसची एमपी३, आणि सोबत १६ बिट ४४.१ ची वेव्ह डिथर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक गोंगाट) चालू करून. गाडीवरचा मिक्सर जुना असेल तर २४ बिटची फाइल तो उघडेलच असं नाही.